बाळाचे पहिले २८ दिवस

घरात बाळ जन्मले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, मुलगा की मुलगी? दुसरा प्रश्न असतो, बाळंतीण सुखरूप आहे ना? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो असा, की बाळाचे वजन किती भरले आणि त्याचे तळपाय ऊन आहेत का? आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी.

आपल्याकडे पाचवीची रात्र जागवतात. सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटे ठेवायचे नाही. ही चाल ज्यांनी पाडली त्यांना बाळांचे दुखणे कशाने येते हे ठाऊक नव्हते. पण ते केव्हा येते हे त्यांनी बरोबर हेरले होते. आजचे आकडेही तेच सांगतात. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली आपल्या देशात जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे २८ बाळे वर्षाच्या आत दगावली. त्या २८ पैकी २० बाळे पहिल्या २८ दिवसांतच गेली. महाराष्ट्रात हेच आकडे १६ आणि ११ असे होते. वर्षाचे ३६५ दिवस खरे, पण त्यातला बहुतेक धोका पहिल्या महिन्यातच येऊन साचलेला असतो. आणि हा महिना बाळ कुठे काढते? दवाखान्यात दोन-तीन दिवस, बाकीचे सगळे घरी. आईच्या, आजीच्या, आत्याच्या हातांत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जिवाला काही झाले तर आम्ही अडाणी माणसे काय करणार? तो डॉक्टरांचा प्रांत. हा समज किती खोटा आहे ते आपल्याच राज्यातल्या एका जिल्ह्याने दाखवून दिले आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

गडचिरोली जिल्हा तुम्हाला नकाशावर माहीत असेल. दाट जंगल, विखुरलेली गावे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून तिथे काम करीत आहे. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ साली ३९ गावांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला सुरुवात केली. तुलनेसाठी आणखी ४७ गावे घेतली. १९९५–९६ या वर्षात या ३९ गावांतली बाळे जन्मल्यापासून २८ दिवस पाहिली, तेव्हा असे दिसले की १०० पैकी ९५ बाळे घरीच जन्मली होती आणि १०० पैकी ४२ बाळे वजनाने कमी होती. निम्म्याहून अधिक बाळांना कधी ना कधी उपचाराची गरज पडली. पण डॉक्टरांच्या नजरेस पडलेली बाळे १०० मध्ये तीनसुद्धा नव्हती. बाकीच्यांनी जे सोसायचे ते अंधाऱ्या खोलीत सोसले.

मग त्यांनी काय केले? मोठे इस्पितळ बांधून लोकांची वाट पाहत बसले नाहीत. गावातलीच पाचवी ते दहावी शिकलेली एकेक बाई निवडली, तिला शिकवले, आणि ‘आरोग्यदूत’ असे नाव दिले. ही बाई बाळंतपणाच्या वेळी सुइणीबरोबर हजर राहायची. बाळ रडले नाही तर त्याला श्वास द्यायची. वजन करायची, अंगाला हात लावून ऊब पाहायची, दूध नीट पिते का ते पाहायची, आणि पुढे महिनाभर ठरल्या दिवशी घरी येऊन पुन्हा पुन्हा बघून जायची. बाळाला जंतुदोष झाला, अंगात विष पसरू लागले, आणि आईबाप दवाखान्यात जायला राजी नसले, तर तिने शिकवल्याप्रमाणे इंजेक्शनही द्यायचे. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७–९८ मध्ये, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता या गावांतले पहिल्या महिन्यातले बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत छापून आली आणि दूरदूरच्या देशांनी तिची दखल घेतली. २०११ पासून भारतभर आशाताई ज्या गृहभेटी देतात, त्यांचे मूळ या ३९ गावांत आहे.

एक गोष्ट यातून नीट ध्यानात घ्या. त्या बाईंच्या पिशवीत काही औषधे होती, हे खरे. पण तिचे बहुतेक काम ऊब, दूध, स्वच्छता आणि नजर या चार गोष्टींचे होते. आणि या चारही गोष्टी घरात असतात, विकत आणाव्या लागत नाहीत.

पहिली गोष्ट उबेची. उन्हाळ्यात माठाला आपण ओले फडके गुंडाळतो. का? पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते आणि माठ गार होतो. बाळ जन्मते ते ओलेचिंब. आईच्या पोटातल्या उबेतून ते एकदम बाहेरच्या हवेत येते. त्याला तसेच ओले ठेवले तर त्याचा माठ होतो! दुसरे उदाहरण घ्या. कढत पाण्याचा हंडा आणि कढत पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा. आधी कोण निवेल? तांब्या. बाळ म्हणजे तांब्या आहे. अंगावर चरबी नाही, डोके शरीराच्या मानाने मोठे, तेही उघडे, आणि थंडी वाजली की आपण जसे कुडकुडून ऊब आणतो तसे कुडकुडणेही त्याला जमत नाही. मोठ्या माणसाला ज्या खोलीत घाम येतो, त्या खोलीत बाळ गारठू शकते. गारठलेले बाळ दूध ओढीत नाही, दूध न मिळाल्याने आणखी गारठते, आणि हे चाक उलटे फिरू लागले की फार थोड्या वेळात ते निपचित पडते.

पुष्कळ ठिकाणी वार पडेपर्यंत बाळाला तसेच जमिनीवर ठेवीत. सगळ्यांचे लक्ष बाईकडे. मग कढत पाण्याने खसखसून आंघोळ. आंघोळीचा हेतू चांगला, घाण जावी हा. पण बाळाच्या अंगावर जो पांढरा, चिकट थर असतो ती घाण नव्हे; ते निसर्गाने लावून दिलेले उटणे आहे. ते राहू द्यावे. बाळ जन्मताच कोरड्या, मऊ कापडाने डोक्यासकट पुसावे, ते ओले कापड बाजूला टाकावे, आणि दुसऱ्या कोरड्या कापडात घेऊन आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. वरून पांघरूण, डोक्याला टोपडे. पहिली आंघोळ एक दिवस तरी उलटल्याशिवाय नको. बाळ लहानखुरे असेल तर ते वजनाला भरेपर्यंत नुसते कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग टिपून घ्यावे, तेही भराभर.

ऊब पाहायला थर्मामीटर नसला तरी चालते. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायांना. दोन्ही ऊन, तर बाळ ठीक. पोट ऊन आणि पाय गार, तर बाळ गारठू लागले आहे. लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागले तर मात्र थांबू नका, छातीशी धरूनच दवाखाना गाठा. दिवसातून चार-पाच वेळा हा हात लावायला घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही शिकवता येते.

इथे शेगडीविषयी बोलले पाहिजे. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, तीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी, ही आपल्याकडची जुनी रीत. ऊब हवी ही तिच्यातली समज अगदी बरोबर. पण दारे-खिडक्या लावून कोळसा पेटवला की खोलीतली हवा विषारी होते, आणि धूर त्या चिमुकल्या छातीत जातो. शेगडीपेक्षा चांगली ऊब फुकट मिळते. वानरी आपले पिलू पोटाशी कसे धरते ते तुम्ही पाहिले असेल. तसे बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे ठेवून आईच्या दोन स्तनांमध्ये, कातडीला कातडी लागेल असे, उभे ठेवायचे. मान एका बाजूला, नाक मोकळे. वरून लुगडे किंवा शाल घट्ट बांधायची. १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात बोगोटा शहरी डॉ. एडगार रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण त्यांच्या इस्पितळात काचेच्या पेट्या कमी आणि लहानखुरी बाळे जास्त होती. म्हणजे ती गरिबीतूनच निघाली. कांगारूच्या नावाने ती ओळखली जाते. पुढे भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांत तिची परीक्षा झाली. २०२१ साली तिचा निकाल आला तो असा, की कमी वजनाच्या बाळांना जन्मल्या जन्मल्याच असे छातीशी धरले तर मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात. आई थकली तर आजीने धरावे, बापाने धरावे. बापाच्या छातीची ऊब काही कमी प्रतीची नसते! बाप लाजतो, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट दुधाची. शेतकऱ्याला चीक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गाय व्याली की तो आधी वासराला उठवून कासेला लावतो. चीक मिळाला नाही तर वासरू धड उभे राहत नाही, रोगाला बळी पडते, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. थोडा चीक खरवसासाठी काढला तरी वासराचा वाटा तो राखतो. मग घरात बाई बाळंत झाली की तिच्या अंगावरचा पहिला पिवळसर, घट्ट चीक ‘बाळाला पचणार नाही’ म्हणून पिळून का टाकायचा? वासराला जे अमृत, ते बाळाला विष कसे? तो चीक थोडाच येतो, चमचा-दोन चमचे. बाळाचे पोटही पहिल्या दिवशी तेवढेच असते. आईने आजवर ज्या ज्या रोगांशी झुंज दिली त्यांच्याविरुद्धची शिबंदी त्या चिकात असते. शक्यतो तासाभराच्या आत बाळाला पाजायला घ्यावे. बाळ चोखू लागले की दूधही लवकर उतरते. दूध उतरायची वाट पाहत बाळाला उपाशी ठेवले, की मग ते उतरतही नाही.

मधाचे बोट, गुळाचे पाणी, साखरेचे पाणी, बाळगुटी, यांपैकी काहीही नको. मधात एक असा जंतू राहू शकतो जो मोठ्यांना काही करीत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून त्याला लुळे करतो. वर्षाचे होईतो मध नकोच. पाणीसुद्धा नको, चैत्र-वैशाखातही नको. आईच्या दुधात पाणी असतेच. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. दिवसा आणि रात्री मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. दूध पुरते की नाही हे कसे ओळखावे? पहिला आठवडा संपत आला की बाळ दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी करते, पाजल्यावर शांत झोपते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते साधारण दहाव्या दिवसापर्यंत परत भरून येते. तेवढ्यावरून ‘दूध नाही’ असा शिक्का बाळंतिणीवर मारू नये. असे शब्द ऐकून ऐकून चांगले दूध असलेली बाईसुद्धा खचते आणि घरात डबा येतो.

लहानखुरे बाळ कधी कधी ओढून पिऊ शकत नाही. तेव्हा हात साबणाने धुऊन, उकळलेल्या वाटीत आईचे दूध हाताने पिळून काढावे आणि चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे. आजीच्या पेटीतले बोंडले यासाठी अगदी योग्य. ते उकळून घेतले म्हणजे झाले. बाटली मात्र नको, तिच्या बुचाच्या खाचांतून घाण निघत नाही.

आणि जिने पाजायचे तिच्या ताटाचे काय? बाळंतिणीला अर्धपोटी ठेवणे, पाणी तोडणे, हिरवी भाजी ‘वातूळ’ म्हणून बंद करणे, हे कुठेकुठे अजून चालते. डिंकाचे नि अळिवाचे लाडू ज्यांना परवडतात त्यांनी जरूर करावेत. ज्यांना परवडत नाहीत त्यांनी ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे-गूळ, शेवग्याचा पाला, जमल्यास अंडे, असे पोटभर द्यावे. तिला नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त लागते. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी ती असेल, तर ही जास्तीची भाकरी उरतच नाही. या महिन्यात तरी तिला पहिल्या पंगतीला बसवा.

स्वच्छतेचे थोडक्यात सांगतो. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. बाहेरून आलेल्याने तर नक्कीच. नाळ नव्या, निर्जंतुक पात्याने कापलेली असावी आणि नंतर तिला काही लावू नये. हळद, राख, तेल, शेण, काहीही नाही. ती कोरडी राहिली की आठवड्या-दहा दिवसांत आपोआप गळते. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे बीज असते. पूर्वी विळ्याने कापलेल्या नि शेण लावलेल्या नाळेतून ते शिरे आणि चांगले दूध पिणारे बाळ आठवड्याभरात ताठ होऊन जाई. गरोदरपणी आईला टोचून घेण्याने तिचे संरक्षण बाळालाही मिळते. अशा टोचणीने आणि स्वच्छ बाळंतपणांनी तान्ह्यांचा धनुर्वात इतका आटोक्यात आला, की २०१५ साली भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. डोळ्यांत काजळ, नाका-कानांत तेल घालू नये. बाळाची छाती कधी कधी सुजल्यासारखी दिसते, ती पिळू नये, आपोआप ओसरते. बाळाला जुनेरे घालावे ही रीत फार शहाणपणाची, कारण जुने सुती कापड मऊ असते. ते धुऊन उन्हात वाळवलेले असावे, इतकेच.

सोयराच्या दिवसांतही असेच निवडून घ्यावे लागते. दहा दिवस बाहेरच्या माणसांनी बाळ-बाळंतिणीला शिवायचे नाही, ही गोष्ट बाळाच्या पथ्यावरच पडते. सर्दी-खोकला घेऊन येणारे पाहुणे दारातच थांबतात. पण त्याच सोयराच्या नावाखाली तिला ओलसर कोपऱ्यात, फाटक्या गोणपाटावर निजवायचे, हे बाळाला मारक. तिची जागा घरातली सर्वांत कोरडी, उजेडाची नि वाऱ्याच्या झोताबाहेरची असावी. सासूबाई, तुम्ही ठरवले तर हे आजच होईल.

आता चौथी गोष्ट, नजर. तान्हे बाळ आजारी पडले की ओरडून सांगत नाही. उलट गप्प होते. मोठ्या माणसाला वाटते, बरे झाले, झोपले. त्याला ताप येईलच असे नाही, ते गारही पडते. म्हणून काल आणि आज यांतला फरक पाहायचा. काल जोराने ओढीत होते, आज तोंडात धरून सोडून देते. काल खणखणीत रडत होते, आज आवाज क्षीण आहे. काल हातपाय झाडीत होते, आज ओल्या फडक्यासारखे लोंबते. अंग फार गार किंवा कढत लागते. पोट फुगले आहे, पुन्हा पुन्हा उलटी होते. श्वास घेताना कण्हते, बरगड्यांखाली खड्डा पडतो. नाळेभोवती लाली किंवा पू दिसतो. झटके येतात. यांतले काहीही दिसले की त्याच घटकेला निघायचे. रात्र आहे, अमावास्या आहे, घरधनी बाजाराला गेला आहे, या कारणांनी थांबायचे नाही.

श्वास मोजणे विशेष महत्त्वाचे. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची वरखाली मोजा. ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. ज्यांना एवढे आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक छान युक्ती काढली होती: वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पाटी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. अक्षरओळख नसलेल्या सुइणीही त्यावरून न्युमोनिया ओळखू लागल्या.

काविळीबद्दल लोक फार गोंधळतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा थोडा पिवळट दिसणे पुष्कळ बाळांत असते आणि ते जाते. पण पहिल्याच दिवशी पिवळेपणा आला, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिला, तर तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. गळ्यात माळ घालून तो उतरत नाही. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापल्या लोखंडाने डागण्याची चाल आहे, तिला डम्मा म्हणतात. अशा बातम्या वाचून शहरातले लोक त्या आईला क्रूर ठरवून मोकळे होतात. ती क्रूर नसते हो! मूल तळमळते आहे, दवाखाना लांब आहे, आणि आजवर वडीलधाऱ्यांनी हाच एक उपाय दाखवला आहे. पण फुगलेले पोट हे जंतुदोषाचे लक्षण असू शकते आणि डागण्यात जो दिवस जातो, तोच बाळाला वाचवण्याचा दिवस असतो. डागाची जखम होऊन आणखी जंतू शिरतात, ते निराळेच.

निघायचे तर पैशाचे काय, हा पुढचा प्रश्न. २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात, औषधे नि तपासण्या मोफत, जाण्या-येण्याचे वाहनही मोफत. १०८ किंवा १०२ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. जिल्हा रुग्णालयात अशा बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. वाटेत बाळाला आईच्या छातीशीच ठेवावे आणि ते पीत असेल तर पाजत राहावे.

एवढे सारे सांगून झाल्यावर एक अवघड प्रकरण उरते. हे सगळे ज्या बाईला कळते, तिच्या हाती ते करणे असते का? मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी जोडपी डोळ्यांपुढे आणा. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ पाचटाची नि ताडपत्रीची कोपी. ऐन थंडीत तिथे बाळ जन्मते. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून कित्येक बाया थोड्याच दिवसांत पुन्हा फडावर उभ्या राहतात. अशा बाईपुढे ‘विश्रांती घ्या, सकस आहार घ्या’ असे वाचून दाखवणे ही थट्टा आहे. तिला जे जमण्यासारखे आहे तेच सांगावे. बाळाला टोपडे नि पायमोजे हवेतच. कोपीत वारा येतो त्या बाजूला गोणपाट लावावे. निजताना बाळ आईबापांपैकी एकाच्या उघड्या छातीवर असावे. कामावर जाण्याआधी पोटभर पाजावे. बाळ फडाच्या कडेला सावलीत असेल तर दर दोन-तीन तासांनी येऊन पाजावे. कोपीतच म्हातारीजवळ असेल तर दूध काढून झाकून ठेवावे, ते साधारण चार तास टिकते, उन्हाळ्यात त्याहून कमी. माता-बाल कार्ड गावी ट्रंकेत न ठेवता बरोबर घ्यावे. ज्या गावच्या शिवारात तळ पडला आहे तिथली आशाताई आणि अंगणवाडी तिचीही आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. त्या गावच्या रहिवाशांनी, विशेषतः गुरुजींनी, हे काम अंगावर घ्यावे. ऊसतोड्यांची मुले तुमच्या शाळेत येतात; कोणत्या कोपीत बाळ झाले ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळते.

गुरुजनांना आणखी एक विनंती. आठवी ते दहावीच्या वर्गात हा विषय एक तास घ्या, मुलींबरोबर मुलांनाही बसवा. हातावर थोडे पाणी लावून फुंकर मारायला सांगा. ओले अंग गार का पडते ते एका क्षणात कळते. एकमेकांचे श्वास मिनिटभर मोजू द्या. मोठ्या मुलांचे वीसच्या आसपास भरतील. मग ६० म्हणजे किती घाई ते त्यांचे त्यांनाच उमजेल. ही मुले घरी जाऊन आजीला सांगतील. आजी आधी रागावेल, मग तळपायांना हात लावून पाहील.

घरच्यांनी करायचे एक सोपे काम आहे. बाळ जन्मल्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर आशाताईच्या भेटींच्या तारखांना खूण करून ठेवा. जन्माचा दिवस पहिला धरून तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळ घरी जन्मले असेल तर पहिला दिवसही. बाळ १ तारखेला झाले असेल तर ३, ७, १४, २१ आणि २८ या तारखा. तारीख उलटून गेली आणि ताई आली नाही, तर तिच्या घरी निरोप पाठवा. ती आली की बाळाचे वजन तिच्याकडून करून घ्या आणि कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तिला जाऊ देऊ नका.